न देण्याचं कारण

शनिवारी इद्वलच्या बुटांना चिखल असतो,
माझ्या बुटांना गालिच्याचे धागे.
तो रग्बीचा रेफरी. मीही रेफरीच, फुटबॉलची,
पण मैदानापासून दोनशे मैल लांब,
बिनखिडकीच्या एका खोलीत,
जिथलं कॉफीचं यंत्र कायम रुसलेलं.

रविवारी दोघंही नीथला आईकडे जेवायला.
आई म्हणते, काल इद्वलचा शब्दन् शब्द ऐकला टीव्हीवर.
त्या दांडगटाला म्हणाला, "तू नको, कॅप्टनला पाठव,"
आणि तो डोंगराएवढा माणूस "येस सर" म्हणत मागे फिरला!
तुझं मात्र काही कळलंच नाही गं.
नुसता तो रेफरी कानाला बोट लावून उभा,
दाढ दुखत असल्यासारखा.

खरंय. त्याच्या कानात मी होते.

एकोणीस वर्षांचा पोरगा, आयुष्यातला पहिला गोल.
अर्धी जर्सी डोक्यात अडकलेली,
तो झेंड्याकडे धावत सुटलेला,
आणि मी त्याला मागे नेऊन हवेत गोठवलेलं.
निळी रेघ बचावपटूच्या गुडघ्यातून,
लाल रेघ याच्या काखेतून.
काखेत कळसा, आणि आमचा गावाला वळसा
चार मिनिटं.
तीस हजार माणसं थंडीत उभी,
आम्ही काय शोधतोय ते एकालाही ठाऊक नाही.
पहिल्या मिनिटाला ती गातात,
दुसऱ्या मिनिटाला माझ्या आईचा उद्धार करतात
(ती नीथमध्ये बटाटे सोलत असते),
तिसऱ्याला गप्प होतात.
ते गप्प होणं खोलीत ऐकू येत नाही.
तरी मला ऐकू येतं.

इद्वल मोठ्या पडद्याकडे बघतो, सगळ्यांबरोबर.
खाली चेंडू, वर माणसांचा ढीग,
आणि माइक उघडा:
"माझ्या मते ट्राय आहे.
न देण्याचं काही कारण दिसतंय का?"

असा प्रश्न मला कधी विचारता येईल?
माझ्या नियमात वेगळाच आहे:
चूक स्पष्ट आणि उघड आहे का?
उघड म्हणजे कुणाला, ते लिहिलेलं नाही.

"तुझे प्रेक्षक सभ्य, म्हणून जमतं तुला," मी म्हणते.
"हो ना," तो म्हणतो, "गेल्या महिन्यात
माझ्या गाडीच्या काचेवर अंडी फोडली.
सभ्यपणे. मोजून सहा."

मग विषय बाबांवर येतो. येतोच.
बाबा, नऊ नंबर, उजवा कोपरा, दहा मिनिटं उरलेली.
चेंडू टेकला होता, ते म्हणायचे, मरेपर्यंत म्हणायचे.
रेफरी होते औषधांच्या दुकानाचे कडुगन.
शिट्टी वाजली: नाही.
त्यानंतर एकतीस वर्षं बाबांनी
डोकेदुखीची गोळीसुद्धा पुढच्या गावातून आणली, चालत.
जेवताना मिठाची बरणी सरकवून दाखवायचे,
ही रेघ, हा माझा हात,
ही मोहरीची वाटी म्हणजे त्यांचा फुलबॅक.

अंत्यविधीला कडुगन आले होते, काठी टेकत.
आईला म्हणाले, "मला दिसलंच नव्हतं.
पुढ्यात तीन पाठी होत्या.
शिट्टी तोंडात होती. काहीतरी वाजवावं लागलं."
आईने विचारलं, "साखर किती?"

आज इद्वलने बरणी
बाबा ठेवायचे तिथेच ठेवली, काठाशी,
आणि मैदानावरच्या आवाजात विचारलं,
"न देण्याचं काही कारण?"

मी माझ्या खुर्चीतून पाहिलं.
उठून त्याच्या खुर्चीमागून पाहिलं.
आईच्या बाजूने रश्शाचं भांडं आड येत होतं.
"माझ्याकडे चित्रच नाही," मी म्हणाले.
"आणि चित्र नसेल तर
मैदानावरचा निर्णय कायम. तुझ्यातही तोच नियम."

इद्वल बराच वेळ बरणीकडे बघत राहिला.
"बाबाही मैदानावरच होते की," म्हणाला.

आईने हात पुढे केला.
"आधी मीठ इकडे दे. बटाटे अळणी झालेत."